लिंबांचा तास

त्या माणसाशी माझं वैयक्तिक वैर काहीही नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. तो दिसायला नीटनेटका आहे, बोलतो हळू, वेळ पाळतो, आणि माझ्या बायकोला रोज सकाळी श्वास घ्यायला शिकवतो. आता लग्न झाल्यापासून ती माझ्या शेजारी बसून, कोणाच्याही मार्गदर्शनाशिवाय, उत्तम श्वास घेत होती, एवढा मुद्दा मी नोंदवून ठेवतो. तक्रार म्हणून नव्हे.

झालं असं, की तिला ब्रेस्ट कॅन्सर झाला. हा शब्द घरात ती सरळ उच्चारते. मी ‘तुझी तब्येत’ असं म्हणतो. शस्त्रक्रिया झाली, केमो सुरू झाली, आणि काही खेपांनंतर ती गप्प गप्प राहू लागली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, की असे उपचार चालू असलेल्या बायकांसाठी एक ऑनलाइन योगवर्ग असतो. अगदी हलका. खुर्चीत बसून करायचा. डोक्यावर उभं राहणं वगैरे काही नाही. शरीरापेक्षा मनासाठी म्हणून.

“मनासाठी?” मी म्हटलं. “मनासाठी मी आहे की घरी!”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि वर्गाची लिंक बायकोच्या फोनवर पाठवून दिली.

मी आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला शिकवलं. दुसरीसुद्धा कधी मागितली नाही. पेन्सिल खाणारी मुलं, डबा उघडून रडणारी मुलं, ‘ळ’ काढताना पाटीच्या चौकटीबाहेर जाणारी मुलं, सगळ्यांना मी हाताला धरून पलीकडे नेलं. आवाज चढवला नाही. चुकलं तरी ‘शाब्बास, आता पुन्हा काढू,’ असं म्हणायचं, ही माझी पद्धत. एवढं शिकवण्याचं भांडवल घरात पडून असताना, बाहेरून माणूस आणायचा आणि तोही पडद्यावरून, यात काही अपमान आहे की नाही, हे वाचकांनीच ठरवावं.

पहिल्या दिवशी मी दाराशी उभा राहून ऐकलं. आवाज आला, “सावकाश श्वास घ्या. सावकाश खांदे सोडा. आता सावकाश, अगदी सावकाश, हसा.” माझ्या मनात त्या माणसाचं नाव तेव्हाच ‘सावकाश’ पडलं.

आणि आमची बायको हसली! मी आदल्या दिवशी तिला हसवायला मुख्याध्यापकांची नक्कल केली होती, तेव्हा ती म्हणाली होती, “अहो, डोकं दुखतंय.”

पुढे तर कहरच. मी सकाळपासून तीन वेळा म्हणायचो, “अगं, पाणी पी.” उत्तर यायचं, “ठेवा तिथे.” सावकाश म्हणायचा, “आता एक घोट पाणी घेऊ या.” की लगेच माझंच ठेवलेलं भांडं उचलून घोट! मी म्हणायचो, “जरा डोळे मिटून पड.” ती म्हणायची, “झोप येत नाही.” तो म्हणायचा, “डोळे मिटा.” मिटले! लग्नानंतर इतक्या वर्षांत एका वाक्यात तिने माझं काही ऐकल्याचं मला स्मरत नाही. मत्सर हा शब्द मी वापरणार नाही. शिक्षकी पेशातला माणूस मत्सर करत नाही, त्याचे शैक्षणिक मतभेद असतात.

पण खरा सल वेगळाच होता. वर्गाच्या शेवटी एक तास असे. त्याला सावकाश ‘मोकळं बोलू या’ म्हणायचा. ज्या बाईला वाटेल तिने मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि नेमकी ती वेळ झाली, की खोलीतून हाक यायची.

“अहो, जरा खाली जाऊन लिंबं आणता का?”

केमोनंतर तिला मळमळायचं आणि लिंबू हुंगलं की बरं वाटायचं, हे खरं. म्हणून पहिल्या वेळी मी धावत गेलो. दुसऱ्या वेळीही गेलो. पण रोज? आमच्या फ्रिजमध्ये लिंबांची वसाहत झाली. अंड्यांच्या जागी लिंबं, भाजीच्या कप्प्यात लिंबं, बर्फाच्या कप्प्यातसुद्धा एक होतं, ते कसं गेलं मला माहीत नाही. खालचा दुकानदार मला पाहिलं की न विचारता लिंबं मोजायला घ्यायचा. आणि मी पिशवी घेऊन वर यायचो, तोवर खोलीचं दार उघडलेलं असायचं, बायकोचे डोळे लाल असायचे, पण चेहरा हलका.

“काय बोललीस?” मी विचारायचो.

“काही नाही हो. असंच.”

माझ्याशी ‘असंच’, आणि त्याच्याशी तासभर! मग मी गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचो. मला विचार करायचा असला, की मी कुंड्यांना पाणी घालतो.

विचाराअंती मी एक छोटीशी योजना आखली. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर बघून तिच्या मानेला त्रास होतो, तेव्हा वर्ग बाहेरच्या खोलीत, टीव्हीवर लावायचा. वरवर पाहता ही तिची सोय होती. आणि बाहेरच्या खोलीत माझी आरामखुर्ची असते, त्यामुळे मी तिथे बसलेलो असणं हेही स्वाभाविक होतं.

टीव्हीसमोरच्या भिंतीला कपाट होतं. ते हलवायला हवं होतं, म्हणजे तिला खुर्ची ठेवायला आणि हात पसरायला जागा झाली असती. मी एकटाच कपाटाला खांदा लावून उभा होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे विमावाले आले. विमा कंपनीतून ते निवृत्त झाले, पण सगळ्याचा धोका मोजण्याची सवय राहिली.

“मास्तर, असं नाही. आधी आतलं सामान काढा. नाहीतर कपाट पडेल, तुम्ही खाली याल, आणि मग तुमचं कोण करणार?”

सामान काढलं. तोच वरच्या मजल्यावरच्या काकू डोकावल्या. “अगं बाई, कपाट हलवताय? माझ्या भावजयीने असंच हलवलं होतं. मागे झुरळांचं गोकुळ निघालं. ते हलवूच नका, टीव्ही हलवा.”

“टीव्ही हलवला तर उजेड मागून येईल,” विमावाले म्हणाले. “चेहरा काळा दिसेल.”

“मग पडदा लावा की!”

“पडदा लावला तर हवा कोंडेल. आजारी माणसाला हवा हवी.”

दोघांचं भांडण माझ्या खोलीत, माझ्या सामानाच्या ढिगाऱ्यात बसून, माझा चहा पीत चाललं होतं. बायको आतून एकदा बाहेर आली, डोक्याची सुती टोपी सारखी केली, ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “फोनवर बरं चाललं होतं हो माझं.” पण योजना एव्हाना माझ्या हातात राहिली नव्हती.

शेवटी विमावाल्यांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने ढकललं, काकूंनी “हां, हां, हां” असा जोर लावला, आणि कपाट सरकलं. त्याच क्षणी पायाखाली काहीतरी कुरकुरलं. इंटरनेटची तार होती. कपाटाने तिच्यावर पाय ठेवून तिला कायमचं शांत केलं. सावकाशला जमलं नसतं इतकं शांत.

मी इंटरनेटच्या कार्यालयात गेलो. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?”

“बायकोच्या.”

“मग त्यांना यावं लागेल.”

“त्यांचे उपचार चालू आहेत. गर्दीत आणायची मनाई आहे.”

“सर, नियम आहे. पण तुम्ही घरून त्यांचा व्हिडिओ कॉल लावा, मी त्यांचा चेहरा बघून ओळख पटवते.”

“घरून व्हिडिओ कॉल करायला घरी इंटरनेट हवं ना?”

“हो.”

“ते बंद आहे. म्हणून मी आलोय.”

“बरोबर,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे इतक्या आशेने पाहत राहिली, जणू उरलेलं उदाहरण मी सोडवणार. मला तिची दयाच आली. ती माझ्या वर्गात असती, तर मी तिला मण्यांची पाटी दिली असती.

शेवटी बायकोच्या फोनच्या रिचार्जमध्ये उरलेल्या थोड्याशा डेटावर कॉल लावला. पण कनेक्शनच्या अर्जावरच्या फोटोत तिचे केस लांब होते आणि आता डोक्यावर टोपी होती. मुलगी फोटोकडे बघे, फोनकडे बघे. “मॅडम, जरा टोपी…” असं म्हणता म्हणता ती थांबली. मग तिने मान खाली घातली आणि तक्रार नोंदवून घेतली. “माणूस पाठवतो,” म्हणाली. कधी ते विचारलं, तर म्हणाली, “लवकरच.” ‘लवकरच’ आणि ‘सावकाश’ यांत फार फरक नसतो, हे मला पुढे कळलं.

तोपर्यंत विमावाल्यांनी मोठ्या मनाने आपलं वाय-फाय दिलं. त्याचा जोर आमच्या बाहेरच्या खोलीत जेमतेम यायचा. सगळ्यात चांगलं ते जिन्यात यायचं, मधल्या वळणावर. पण वर्ग चालला. भाच्याचा जुना लॅपटॉप टीव्हीला जोडला, बायको खुर्चीत बसली, आणि सावकाश आता टीव्हीभर मोठा होऊन आमच्या बाहेरच्या खोलीत आला. माझ्या दृष्टीने ही प्रगती म्हणता येणार नाही.

मी आरामखुर्चीत वर्तमानपत्र आडवं धरून बसलो. कॅमेऱ्यात येणार नाही, असा.

“अहो, तुम्ही आत जा ना,” बायको म्हणाली.

“मी वाचतोय.”

“पेपर उलटा आहे.”

मी आत गेलो.

आता त्या भिंतीविषयी. कपाटाच्या मागे भिंतीचा जुना रंग तसाच राहिला होता, स्वच्छ, लांबट चौकोन. पडद्यावर बायकोच्या मागे तोच दिसायचा. शस्त्रक्रियेनंतर तिचा त्या बाजूचा हात खांद्याच्या वर जायचा नाही. त्यासाठी सावकाशने एक व्यायाम दिला होता. भिंतीशी उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चालायचं, जमेल तिथपर्यंत. तिला त्याचा कंटाळा यायचा. “नुसती भिंत हो,” ती म्हणायची. “कुठे पोहोचायचंय तेच कळत नाही.”

इथे माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी रंगीत खडू काढले. तळाशी मुंगी काढली, तिच्या वर कासव, मग ससा, शेळी, गाढव, घोडा, उंट, आणि पार वर, जिथे मला स्टुलावर चढावं लागलं, तिथे जिराफ. माझे प्राणी मुलांना नेहमी आवडत आले आहेत. गाढवाच्या डोळ्यांत विशेष भाव उतरला होता.

बायको ते पाहून थांबली. मग भिंतीशी गेली आणि बोटं मुंगीवर ठेवली. कासव. ससा. शेळीपाशी तिने ओठ आवळले. मी म्हणालो, “शाब्बास!” तिने बोटं खाली घेतली.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, भिंतीकडे पाहून म्हणाल्या, “नातवंडं येणार वाटतं?” विमावाल्यांनी जिराफाचं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि स्टूल डगमगतं, असा इशारा दिला. पण खरा आघात सावकाशने केला. वर्गात त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं.

“ताई, हे कोणी काढलं? किती सुंदर कल्पना आहे!”

मी स्वयंपाकघराच्या दाराआड होतो. कान तापले.

“आमच्या ह्यांनी,” बायको म्हणाली.

“वा! सगळ्यांनी आपापल्या घरी अशी भिंत करा बरं. आपल्या वर्गाची भिंत!”

आपल्या! खडू माझे, गाढव माझं, स्टुलावर चढलो मी, आणि भिंत ‘आपल्या वर्गाची’! चार दिवसांत त्या बायकांच्या घरोघरी माझे प्राणी चढले. कोणी वर विमान काढलं, कोणी पतंग. आणि सावकाश रोज विचारायचा, “आज कुठपर्यंत, ताई?”

“गाढवापर्यंत,” बायको सांगायची आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायची.

आणि मग ती वेळ. “अहो, जरा खाली जाऊन लिंबं…”

त्या दिवशी मी पिशवी घेतली, चप्पल घातली, दार ओढून घेतलं, आणि दुकानात गेलो नाही. जिन्याच्या मधल्या वळणावर बसलो. पिशवीतून टॅब काढला. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी भेट दिलेला टॅब. लिंक लॅपटॉपवर मीच लावायचो, तेव्हा ती माझ्याकडे होतीच. कॅमेरा बंद, आवाज बंद, कानात इअरफोन. मी काही चोरून ऐकणार नव्हतो. एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा पाठ पाहावा, अशी पद्धत असते, फक्त तिथे आधी कळवतात.

मी आत शिरलो, तर सावकाश म्हणाला, “अरे वा, एक नवीन सदस्य आलेल्या दिसतात. ‘पहिली अ’, तुमचं स्वागत. कॅमेरा बंद असला तरी चालेल. सावकाश.”

टॅबवर सहकाऱ्यांनी माझं नाव ‘पहिली अ’ असंच घालून ठेवलं होतं. दुसऱ्या नावाने मला कोणी ओळखत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी मनात म्हटलं, चला, बरं झालं, ओळख उघड झाली नाही.

एक ताई बोलत होत्या. भुवया गेल्यावर आरशात स्वतःचा चेहरा चकित झाल्यासारखा दिसतो, असं काहीतरी सांगत होत्या. हे ऐकायचा मला हक्क नाही, हे माझ्या लक्षात आलं, आणि मी सभ्यपणे दोन्ही हातांनी कान झाकले. कानांत इअरफोन होते. त्यामुळे मला जास्तच स्पष्ट ऐकू आलं.

त्यांचं संपलं तसं आमच्या घरातून आवाज आला, “आज मी बोलू?”

पडद्यावर बायको दिसत होती. चष्मा वर सरकवून ती टीव्हीच्या एका कोपऱ्याकडे बघत होती. मागे गाढव.

“माझ्या घरी एक मास्तर आहेत,” ती म्हणाली. “चांगले आहेत. माझं सगळं करतात. भाजी चिरतात, गोळ्या काढून देतात, प्राणी काढतात. पण मी गोळी गिळली की शाब्बास म्हणतात. सुई टोचून घेतली की शाब्बास. सगळे केस उशीवर राहिले त्या सकाळी म्हणाले, ‘शाब्बास, रडली नाहीस.’ आता मला रडायचं होतं हो. एकदा शाब्बासकी मिळाल्यावर माणूस रडणार कसा?”

बायका हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

“एकदा मी म्हटलं, मला भीती वाटते. तर म्हणाले, ‘काही होत नाही, शहाणी ना तू?’ मग मी म्हणायचंच सोडलं. आणि स्वतः काय करतात, तर गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालतात. दिवसातून पाच-सहा वेळा. गुलाब कुजला, जास्वंद कुजली. एक निवडुंग होता, तो वाळवंटात टिकला असता. आमच्या गॅलरीत बुडून मेला.”

आता सावकाशही हसला. मी ते लक्षात ठेवलं आहे.

“मला त्यांच्याकडून फार काही नको,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बसला. “एकदाच म्हणावं, की मलाही भीती वाटते. मग आम्ही दोघं मिळून घाबरू. एकटीने घाबरायचा कंटाळा आलाय मला.”

मग सावकाशने विचारलं, “ताई, हे तुम्ही त्यांना सांगितलंत?”

“सांगितलं,” ती म्हणाली.

धडधडीत खोटं! मी जिन्यात बसल्या जागी ताठ झालो. मला कधी सांगितलं? कुठे सांगितलं? त्या माणसासमोर बायकोने माझ्याविषयी खोटं बोलावं, याचा मला इतका संताप आला, की टॅबच्या काचेवर पाणी पडलं तेव्हा छत गळतंय की काय, म्हणून मी वर पाहिलं. छत कोरडं होतं. मग मी आयुष्यभराच्या सवयीने पाटी पुसावी तशी ती काच बाहीने पुसली. चांगली घसाघसा.

काचेवर कुठली कुठली बटणं असतात, हे मला काय माहीत? कॅमेरा उघडला. आवाज उघडला. आणि त्या सगळ्या बायकांच्या घरोघरी, कोणाच्या टीव्हीवर, कोणाच्या फोनवर, जिन्यात बसलेला, हातात लिंबांची रिकामी पिशवी घेतलेला एक म्हातारा नाक पुसताना दिसला.

माझ्या ते लक्षात येण्याआधीच खालून विमावाले वर आले.

“मास्तर!” ते ओरडले. “जिन्यात बसून रडताय कशाला? वाय-फाय येत नाहीये का?”

सगळ्या वर्गाने ऐकलं. आमच्या बाहेरच्या खोलीतून बायकोचं हसू आलं, दोन वाटांनी, एकदा इअरफोनमधून आणि एकदा सरळ दारातून. किती दिवसांनी ती अशी मोठ्याने हसत होती. भुवयांवाल्या ताईही हसत होत्या, आणि त्यांचा चेहरा खरंच चकित दिसत होता, पण छान.

“‘पहिली अ’,” सावकाश म्हणाला, “सावकाश.”

मी टॅब पिशवीत टाकला. विमावाल्यांना म्हटलं, “वाय-फाय उत्तम आहे,” आणि वर गेलो.

तिने दार उघडलं. “लिंबं आणलीत का, पहिली अ?”

तेव्हा मला उमगलं. नाव टीव्हीच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत आलं होतं. जगात ‘पहिली अ’ कोण, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? ती सावकाशला सांगतच नव्हती, मलाच सांगत होती. मीही उगाच जिन्यात तिला खोटारडी ठरवून बसलो होतो.

“तुला कळलं होतं,” मी म्हणालो.

“तुम्ही आत आलात तेव्हाच. आधी राग आला. बाकीच्या बायका मन मोकळं करतात तिथे. तुम्ही कोण त्यांचं ऐकणार?”

“मी कान झाकले होते.”

“इअरफोन काढून?”

मी खाली वाकून चप्पल काढू लागलो.

“त्यांची माफी मागायची. सगळ्यांची. उद्या.”

“मागतो.”

लॅपटॉप तिने मिटला होता. टीव्ही काळा होता. खोलीत फक्त आम्ही दोघं आणि भिंतीवरचे प्राणी. ती खुर्चीत बसली आणि समोरची आरामखुर्ची दाखवून म्हणाली, “बसा.”

मी बसलो. कुठूनही सुरुवात सुचेना. पहिल्या दिवशी नाव विचारलं तरी तोंड न उघडणारी मुलं मी किती पाहिली. त्यांच्यासमोर मी नुसता बसून राहायचो, घाई करायचो नाही. तीही तशीच बसून राहिली.

“अगं,” मी म्हणालो, “तुझ्या त्या… तब्येतीचं…”

तिने मान हलवली. नाही. पुन्हा.

“तुझ्या कॅन्सरची,” मी म्हणालो. “तुझ्या कॅन्सरची मला भीती वाटते. तू आत केमोला जातेस आणि मी बाहेर बसतो, तेव्हा मला भिंतीवरची पाटीसुद्धा वाचता येत नाही. अक्षरं सुटी सुटी होतात. मला फार भीती वाटते गं.”

तिने शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात उचलला. खांद्यापर्यंत आला, मग थोडा वर, आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

“शाब्बास,” ती म्हणाली. “आता पुन्हा म्हणू.”

मग आम्ही दोघं मिळून घाबरलो. व्यवस्थित, बराच वेळ. मध्ये काकू साखर मागायला आल्या, आम्हाला पाहून त्या साखर न घेताच दारात बसून आमच्याबरोबर रडल्या, आणि मग विचारलं, “झालं काय पण?”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माफी मागितली. उभं राहून. बायकांनी ती दिली. भुवयांवाल्या ताई म्हणाल्या, पुढच्या वेळी आमच्या घरी पाठवा तुमच्या ह्यांना, माझ्या नवऱ्याला असं रडता येत नाही. सावकाशने मात्र स्पष्ट सांगितलं, की हा वर्ग फक्त उपचार घेणाऱ्यांचा आहे, मला इथे येता येणार नाही. इतक्या गोड शब्दांत मला कोणी कधी वर्गाबाहेर काढलं नव्हतं. पण आता घरच्या माणसांसाठी वेगळा वर्ग संध्याकाळी सुरू करतो, म्हणाला. त्यात आम्ही बहुतेक नवरे, एक भाऊ आणि एक सासूबाई. खुर्चीत बसून खांदे सोडतो. माझे खांदे कानांना चिकटलेले असतात, असं निदान झालं आहे. परवा सावकाश मला म्हणाला, “छान, मास्तर. खूप छान.” माणूस तसा वाईट नाही. ते ऐकून मला दिवसभर बरं वाटलं, हे मी बायकोला सांगितलं नाही.

इंटरनेटचा माणूस अजून आलेला नाही. बायकोची बोटं उंटाच्या गुडघ्यापर्यंत जातात. पुढची तपासणी व्हायची आहे, आणि तिची आम्हाला दोघांना भीती वाटते.

काल संध्याकाळी माझा वर्ग ‘मोकळं बोलू या’पर्यंत आला. बायको दारात उभी होती, भाजी निवडायचं निमित्त करून. एकच शेंग किती वेळ सोलत होती.

“अगं,” मी म्हटलं, “जरा खाली जाऊन लिंबं आणतेस?”

“फ्रिज भरलाय लिंबांनी,” ती म्हणाली, आणि शेंगांची परात घेऊन सरळ माझ्यासमोर येऊन बसली. “काय बोलायचंय ते त्या माणसाशी? रोज काय सांगता हो त्याला एवढं?”

“काही नाही. असंच.”

“असंच?” तिचे डोळे बारीक झाले. हे डोळे मला नवीन नव्हते. गेले काही महिने मी ते आरशात पाहत होतो. “ते काही नाही. आधी मला सांगा, मग त्याला.”

मी लॅपटॉप मिटवला आणि तिला सांगितलं. ‘पहिली अ’ काल वर्गात परतली, ती फार उशिरा. सावकाशने कारण विचारलं नाही.